शेत आणि परसबागेतील जीवसृष्टीचे छायाचित्रण : एक आनंददायी व उपयुक्त छंद

शेतकऱ्याचा बहुतेक दिवस उघड्या रानात जातो. पहाटे विहिरीवर मोटार सुरू करायला गेल्यापासून संध्याकाळी जनावरे गोठ्यात बांधेपर्यंत कितीतरी पक्षी, कीटक, सरडे, साप, मुंगूस आपल्या नजरेसमोरून जातात. शहरातील हौशी मंडळी जे पाहण्यासाठी पदरमोड करून लांबच्या जंगलात जातात, त्यातील बरेच काही आपल्या बांधावर, विहिरीच्या काठावर आणि परसातील कढीपत्त्याच्या झाडावरही असते. मात्र आपण ते थांबून पाहत नाही.

प्रस्तुत लेखकाला या छंदाचे महत्त्व एका चुकीतून समजले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्रीच्या वेळी आमच्या गोठ्यात पांढऱ्या पट्ट्यांचा एक साप निघाला. मण्यार समजून आम्ही तो काठीने मारला. सकाळी टाकून देण्यापूर्वी मोबाईलवर त्याचा फोटो काढून एका सर्पमित्राला दाखविला. तो कवड्या निघाला. हा साप बिनविषारी असून पाली खाऊन राहतो. मण्यारीच्या अंगावरील पट्टे मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात व शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात व शेपटीकडे पुसट होत जातात. (ही खूण दुरून पाहण्यासाठी आहे. तिच्या भरवशावर कोणत्याही सापाला हात लावू नये.) तोच फोटो साप जिवंत असताना दुरून काढला असता तर तो वाचला असता.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला : आधी फोटो, मग निर्णय. फोटो काढण्यास एक मिनिट लागते. तेवढा वेळ हातातील काठी किंवा फवारणी पंप थांबतो आणि समोर नेमके काय आहे हे पाहिले जाते. या लेखात या छंदाची सुरुवात कशी करावी, कोणती काळजी घ्यावी आणि त्याचा शेतीला कसा उपयोग करून घ्यावा याची माहिती दिली आहे.

छंदाचे फायदे

१) मित्र व शत्रू यांची ओळख पटते : मावा पडलेल्या पानावर काळसर रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या आकाराची अळी दिसली की अनेक जण तिला कीड समजतात. प्रत्यक्षात ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते व मावा खाते. उलट वांग्याच्या पानाची जाळी करणारा, अंगावर पुष्कळ काळे ठिपके असलेला भुंगेरा हा दिसायला ढालकिड्यासारखाच असतो, पण ती कीड आहे. जवळून काढलेल्या फोटोत फरक स्पष्ट होतो. मित्र भुंगेऱ्याची पाठ चकचकीत असते. वांग्यावरील भुंगेऱ्याची पाठ निस्तेज व बारीक लव असलेली असते आणि त्याच्या पिवळ्या अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात.

२) अनावश्यक फवारणी टळते : किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असेल आणि मित्रकीटक भरपूर असतील तर फवारणी पुढे ढकलता येते. दर चार दिवसांनी त्याच झाडांचे फोटो काढल्यास कीड वाढते आहे की घटते आहे याचा पुरावाच हाती राहतो.

३) गैरसमज दूर होतात : घुबड अशुभ, प्रत्येक साप विषारी, पाल विषारी अशा समजुतींमुळे उपयुक्त प्राणी मारले जातात. ज्याचा आपण फोटो काढतो त्याची माहिती शोधली जाते आणि भीती कमी होते.

४) मुलांना निरीक्षणाची सवय लागते : मोबाईल मुलांच्या हातात असतोच. तोच घेऊन बांधावर जाण्याची गोडी लागली तर अभ्यासालाही मदत होते.

साधने

पूर्वी छत्तीस फोटोंचा रोळ, तो धुण्याचा व छपाईचा खर्च यामुळे हा छंद सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होता. आता घरातील साध्या मोबाईलवर सुरुवात करता येते.

मोबाईल : कीटक, फुलपाखरे, अंडी, कोष, कोळी, बेडूक यांच्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. काच प्रथम मऊ सुती कापडाने पुसून घ्यावी. खिशातील धूळ व तेलकट बोटे हे पुसट फोटोचे पहिले कारण असते. बारीक किडींसाठी मोबाईलला चिमट्याने लावायचे भिंग बाजारात मिळते.

कॅमेरा : पक्ष्यांसाठी लांबचे जवळ दाखविणारा कॅमेरा उपयोगी पडतो. सहा महिने मोबाईलवर सराव करून गोडी टिकली तरच तो घ्यावा. चांगल्या स्थितीतील वापरलेला कॅमेराही चालतो.

आधार : एका लहान कापडी पिशवीत ज्वारी किंवा तांदूळ भरून तोंड शिवून घ्यावे. बांधावर, गाडीच्या साटीवर किंवा दगडावर ही पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकविल्यास हात हलत नाही.

नोंदवही : हिची किंमत सर्वांत कमी, पण महत्त्व सर्वांत जास्त. याविषयी पुढे माहिती दिली आहे.

फोटो कसा काढावा

प्रकाश : सकाळी सूर्य उगवल्यापासून दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास उत्तम. या वेळी ऊन मऊ असते, सावल्या कडक पडत नाहीत आणि पक्षीही जास्त हालचाल करतात. सूर्य शक्यतो आपल्या पाठीमागे असावा. सकाळच्या गारव्यात फुलपाखरे व चतुर सुस्त असतात, त्यामुळे जवळ जाणे सोपे जाते.

उंची : उभ्याने खाली पाहून काढलेल्या फोटोत पाठ दिसते, प्राणी दिसत नाही. बसावे, वेळ पडल्यास पालथे पडावे. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि डोळा स्पष्ट येईल असे पाहावे. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचा थोडा पुसटपणा खपून जातो.

स्पष्टता : मोबाईलच्या पडद्यावर प्राण्यावर बोट टेकवावे. तेथेच दिसणारी उजेडाची खूण वर-खाली करून प्रकाश कमी-जास्त करता येतो. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यासाठी उजेड थोडा कमी करावा, नाहीतर पिसे चुन्यासारखी सपाट दिसतात. कोतवालासारख्या काळ्या पक्ष्यासाठी तो थोडा वाढवावा. मोबाईलमध्ये बोटांनी चित्र फार मोठे करून फोटो घेऊ नये, त्याने बारकावे जातात. त्यापेक्षा साधा फोटो घेऊन नंतर कडा कापाव्यात.

वेग : कॅमेऱ्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/५०० आणि उडत्या पक्ष्यासाठी १/१००० किंवा त्याहून अधिक ठेवावा.

जवळ जाणे : सरळ चालत गेल्यास पक्षी उडतो. तिरके, थांबत थांबत जावे. त्याहून सोपी युक्ती म्हणजे आपण आधी जाऊन बसावे व पक्ष्याला येऊ द्यावे. गुरे, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांना पक्षी फारसे घाबरत नाहीत. नांगरट चालू असताना गायबगळे, साळुंक्या व कोतवाल मागे मागे येतात. मात्र ट्रॅक्टर चालविणाऱ्याने स्वतः फोटो काढू नयेत आणि फोटो काढणाऱ्याने अवजारापासून पुरेसे दूर राहावे.

परसातील पाणवठा : उथळ मातीची परात सावलीत ठेवून तिच्यात दोन बोटे पाणी व मध्ये एक दगड ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत बुलबुल, दयाळ, चिमण्या, साळुंक्या येऊ लागतात. मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून परात झुडपापासून थोडी दूर ठेवावी. डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी रोज बदलावे व परात घासून घ्यावी.

हंगामानुसार विषय

मार्च ते मे : काटेसावर, पळस, पांगारा फुलल्यावर मैना, बुलबुल, शिंजीर यांची वर्दळ असते. पडीक रानात टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये मिसळून जातील अशी चार अंडी घालते. मशागतीच्या वेळी अशी जागा दिसली तर खूण करून भोवतीची चार-पाच हात जमीन तेवढी सोडून द्यावी. पिले अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात, त्यामुळे साधारण महिनाभराचाच प्रश्न असतो.

जून ते सप्टेंबर : पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले बैलबेडकाचे नर डबक्यात ओरडू लागतात. मखमली लाल मृगाचा किडा याच वेळी दिसतो. त्याचे पाय मोजावेत. ते आठ भरतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्याच्या कुळातील कोळीड आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत असेल तर रोज एक फोटो याप्रमाणे घरटे पूर्ण होईपर्यंतची मालिका करावी. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते व पसंत पडले तरच काम पुढे जाते. सुगरण दाणे खाते हे खरे, पण पिलांना मुख्यत्वे कीटक भरविते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : हा फुलपाखरांचा काळ. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधावी. तीच पुढे हिरवी होते, कोष करते आणि साधारण महिन्याभरात फुलपाखरू होऊन उडते. लिंबाच्या रोपवाटिकेत ही अळी नुकसान करते हे खरे, पण परसातील मोठ्या झाडाला चार-सहा अळ्यांनी काही होत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्लू मॉर्मन अर्थात नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : धोबी, भोरड्या यांसारखे हिवाळी पाहुणे आलेले असतात. भोरड्यांचे थवे ज्वारीच्या कणसांवर बसतात, तेव्हा नुकसानीचीही नोंद घ्यावी. सगळेच पक्षी सर्व वेळी शेतकऱ्याचे मित्र असतात असे नाही. हरभऱ्यात घाटे अळीसाठी उभे केलेले पक्षीथांबे ही फोटोसाठी उत्तम जागा आहे. कोतवाल किंवा वेडा राघू तेथे बसून काय पकडतो, हे फोटोतील चोचीत दिसते.

बारमाही : जुन्या वाड्यात, पडक्या गढीत किंवा गोदामात गव्हाणी घुबड राहते. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा ही त्याची खूण. त्याला त्रास न देता त्याच्या आहाराचा फोटो काढता येतो. बसण्याच्या जागेखाली काळपट गोळ्या पडलेल्या असतात. पक्ष्याने न पचलेला भाग या रूपात तोंडावाटे टाकलेला असतो. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून, एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सुटी करावी. आत उंदरांच्या कवट्या, हाडे व केस सापडतात. कागदावर त्या कवट्या मांडून एक फोटो काढावा व घरातील सर्वांना दाखवावा. घुबडाविषयी व्याख्यान देण्यापेक्षा या फोटोचा परिणाम अधिक होतो.

किडीचा फोटो सल्ल्यासाठी कसा पाठवावा

तज्ज्ञांकडे येणारे पुष्कळ फोटो निदानासाठी निरुपयोगी असतात. मूठभर वाळलेली पाने व एक पुसट ठिपका यावरून सल्ला देता येत नाही. पुढीलप्रमाणे फोटो घ्यावेत.

१) एक फोटो शेताचा, त्यात नुकसान एका कोपऱ्यात आहे की सर्वत्र हे दिसावे.
२) एक फोटो पूर्ण झाडाचा.
३) एक फोटो नुकसान झालेल्या भागाचा, पानाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंनी.
४) किडीचे तीन फोटो : वरून, बाजूने व डोक्याकडून. शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचे नाणे ठेवावे.
५) सोबत पीक, वाण, पेरणीची तारीख, गाव आणि शेवटच्या फवारणीचे औषध व तारीख लिहावी.

डोक्याचा व शेपटीकडचा फोटो का लागतो याचे उदाहरण म्हणजे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी. ही कीड भारतात प्रथम २०१८ मध्ये आढळली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. या दोन खुणा फोटोत आल्या तर ओळख लवकर पटते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. त्यामुळे बारकावे कमी होत नाहीत. हे फोटो जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावेत. केंद्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीच्या अ‍ॅपवरही किडीचा फोटो देऊन माहिती घेता येते.

पाळावयाची पथ्ये

फोटोपेक्षा जीव महत्त्वाचा, प्राण्याचाही आणि आपलाही. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) घरट्याजवळ जाऊ नये. झाकणाऱ्या फांद्या व पाने तोडू नयेत. आपण उघडी केलेली वाट कावळ्याला व मांजराला लगेच सापडते. पक्षी चोचीत अळी धरून घरट्यात न जाता लांब बसून ओरडत असेल तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून ताबडतोब मागे सरावे.

२) पिलांवर व घुबडावर रात्री झगमगता फ्लॅश मारू नये. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला विणीच्या काळात बोलावू नये.

३) फोटो चांगला यावा म्हणून बेडूक, फुलपाखरू, सरडा यांना पकडणे, बांधणे किंवा चिकटविणे चुकीचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राणी पकडणे, मारणे, त्यांची अंडी किंवा घरटी काढणे हा गुन्हा आहे.

४) साप दिसल्यास किमान दहा हात दूर राहून फोटो घ्यावा व सर्पमित्रास बोलवावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप आहेत. सर्पदंश झाल्यास सापाच्या फोटोसाठी किंवा त्याला मारण्यासाठी एक क्षणही घालवू नये. आपल्याकडील प्रतिविष या चारही सापांवर चालते, म्हणून रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे.

५) ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडले तर त्यांना उचलून फोटो काढू नयेत, गर्दी करू नये. मादी जवळपासच असते. ती माणसावर येऊ शकते आणि गर्दीमुळे बछड्यांकडे परत येऊ शकत नाही. तोडणी थांबवून सर्वांनी दूर व्हावे व वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जुन्नर परिसरात वन विभागाने अनेकदा असे बछडे सापडल्या जागी ठेवून मादीच्या ताब्यात परत जाऊ दिले आहेत.

६) घुबड, खवले मांजर यांसारख्या प्राण्यांचे फोटो इतरांना पाठविताना गाव व शेताचा ठावठिकाणा देऊ नये. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडली जातात. मोबाईलमधील स्थाननोंद अशा वेळी बंद ठेवावी.

नोंद ठेवा

नुसता फोटो काही महिन्यांत शेकडो फोटोंत हरवतो. वहीत तारीख, वेळ, जागा, पीक व हवामान लिहून ठेवल्यास तोच फोटो माहिती बनतो. नाव ठाऊक नसल्यास गावात चालणारे नाव लिहावे. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून आपल्या शिवारात भोरड्या कधी येतात, मक्यावर अळी पेरणीनंतर किती दिवसांनी दिसते हे कळू लागते.

या नोंदी गावाबाहेरही उपयोगी पडतात. ई-बर्ड व आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर फोटो देऊन नाव विचारता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांनी ई-बर्डवर दिलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या परसातील पक्षी गणनेत भारतीय निरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत. त्यासाठी किमान पंधरा मिनिटे अंगणात बसून दिसलेले पक्षी नोंदवावे लागतात. तसेच जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी आपले फोटो समितीकडे द्यावेत.

सुरुवात अशी करा

या आठवड्यात एकच काम करावे. फवारणीचा पंप भरण्यापूर्वी मोबाईल घेऊन शेतात एक फेरी मारावी आणि पाच वेगवेगळ्या झाडांवर जे दिसेल त्याचे फोटो काढावेत. सायंकाळी घरातील मुलांसह ते मोठे करून पाहावेत. त्यात किती शत्रू व किती मित्र, हे मोजावे. ओळख पटत नसेल तर विचारावे व उत्तर मिळेपर्यंत, पीक धोक्यात नसल्यास, थांबावे.

आमच्या गोठ्यातील त्या कवड्याचा फोटो मोबाईलमधून पुसलेला नाही. त्यानंतर गोठ्यात दोन वेळा साप निघाला. एकदा धामण होती, ती दुरून फोटो घेईपर्यंत आपोआप निघून गेली. दुसऱ्या वेळी खरोखरच मण्यार होती. ती सर्पमित्राने येऊन नेली. दोन्ही वेळा काठी दाराआडच राहिली.